पीओपी मूर्ती विरघळवण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी (पुणे, जुलै ते ऑक्टोबर २०२५)

१३ जुलै २०२५, रविवार

सोसायटीच्या आजच्या बैठकीत गणेशमूर्तींच्या विसर्जनाचा विषय निघाला आणि पार्किंगचा नेहमीचा वाद बाजूला ठेवून त्यावरच पाऊण तास बोलणे झाले. आमच्या ४२ सदनिकांपैकी ३८ घरी गणपती बसतो. गेल्या वर्षी त्यांपैकी १२ मूर्ती शाडूच्या होत्या आणि त्या बादलीभर पाण्यात रात्रीतून विरघळल्या. उरलेल्या २६ पीओपीच्या होत्या. पीओपीची मूर्ती हौदात सोडली काय किंवा नदीत सोडली काय, ती नुसती भिजते. घट्ट बसलेले पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) म्हणजे जिप्समच, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो, म्हणजे एक किलोच्या मूर्तीला चारशे लिटर पाणी लागेल, आणि तेही कोणी सतत ढवळत राहिले तरच.

यावरचा उपाय आपल्याच शहरात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शोधला गेला आहे. मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचे, त्यात मूर्ती ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचे, म्हणजे सुमारे ४८ तासांत तिचा भुगा होतो. महापालिका ही पावडर गेली काही वर्षे घरगुती विसर्जनासाठी वाटते. आमच्याकडेही चार-पाच घरांनी ती आणली होती. परंतु कोणी वजन केले नाही, सर्वांनी अंदाजाने पाकीट ओतले आणि तिसऱ्या दिवशी बादलीच्या तळाचा गाळ गटारात गेला. त्यामुळे या वर्षी हे काम एकत्रितपणे, मोजमाप ठेवून आणि गाळाचा शेवटपर्यंत हिशेब देऊन करावे, असा प्रस्ताव मी मांडला. रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षे गेल्यामुळे जबाबदारी माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होते, आणि तसेच झाले.

१४ जुलै, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर फॉल्स सीलिंग काढण्याचे काम चालू आहे. तेथून रंग न लागलेले पीओपीचे तुकडे मागून घेतले आणि पंख्याखाली वाळवलेल्या तुकड्यांपैकी नेमके ५०० ग्रॅम स्वयंपाकघरातील काट्यावर तोलले.

हिशेब असा आहे. पोत्यातली पीओपी पावडर म्हणजे बरेचसे पाणी उडवलेला जिप्सम. पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. त्यामुळे तयार मूर्ती ही रसायनाच्या दृष्टीने जिप्समच, आणि गणित जिप्समचे वजन धरूनच करायला हवे. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते, आणि त्यातून १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, १३२ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व उरलेले पाणी मिळते. पहिले म्हणजे खडूसारखी पांढरी भुकटी, दुसरे म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे खत. ५०० ग्रॅमला ४६० ग्रॅम पावडर पुरायला हवी. ती तीन लिटर पाण्यात घालून सकाळी सव्वादहा वाजता तुकडे आत सोडले.

पावडरीचा डबा उघडताच अमोनियाचा वास नाकात जातो. बेकरीत बिस्किटे फुलवायला हीच पावडर वापरतात, भट्टीत तिचा वास उडून जातो. माझ्या गॅलरीत मात्र तो दुपारपर्यंत रेंगाळला. दहा मिनिटांत तुकड्यांवरून बारीक बुडबुडे सोड्याच्या बाटलीसारखे सरळ रेषेत वर येऊ लागले. तासाभराने ते मंदावले. पाहते तो, तुकड्यांवर भाताच्या पेजेवर साय धरावी तसा मऊ पांढरा पापुद्रा चढला होता. चमच्याने तो खरवडताच बुडबुडे पुन्हा सुरू झाले. ढवळण्याची सूचना कशासाठी आहे, हे येथे उमगले. तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेट तुकड्यावरच बसते आणि आतल्या जिप्समपर्यंत द्रावण पोहोचू देत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

बादलीतील गाळ परवा तीन पाण्यांनी धुऊन घेतला आणि त्यावर व्हिनेगर टाकले. कॅल्शियम कार्बोनेट फसफसते, जिप्सम फसफसत नाही. गाळाची परीक्षा घरच्या घरी करण्याचा याहून सोपा मार्ग नाही. धुणे मात्र आवश्यक आहे, कारण शिल्लक राहिलेले बायकार्बोनेटही फसफसते आणि काम पूर्ण झाल्याचा भास होतो. जवळजवळ सर्व गाळ फसफसला. तुरीच्या डाळीएवढे काही खडे तसेच राहिले.

आज वाळलेल्या गाळाचे वजन ३०२ ग्रॅम भरले. सर्व जिप्सम बदलला असता तर ते २९१ ग्रॅम यायला हवे होते. फरकावरून काढले तर सुमारे २७ ग्रॅम जिप्सम तसाच राहिला. काही अमोनिया हवेत उडतो, काही कोपऱ्यांत द्रावण पोहोचत नाही. म्हणून काटेकोर गणितापेक्षा थोडी अधिक, म्हणजे समान वजनाची पावडर घेणे योग्य ठरते. ही स्वच्छ पांढरी भुकटी बरणीत भरून ठेवली आहे.

२७ जुलै, रविवार

गुरुवारी, २४ तारखेला, मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम हौदांतच करण्याचा आदेश दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे १२ मे २०२० ची आहेत. त्यानंतरची पाच वर्षे मुदतवाढी आणि सुनावण्यांत गेली. आदेशामुळे आमच्या बैठकीतील दोन साशंक सभासद राजी झाले, एवढा उपयोग मला तातडीने झाला.

मूर्तिकारदादांकडून गेल्या वर्षीची न विकलेली, पूजेत न आलेली छोटी मूर्ती घेतली होती. वजन ६४० ग्रॅम. तिच्यावर रंग असल्याने चाचणी वेगळी झाली. रंगाच्या थराखाली द्रावण पोहोचायला रात्र लागली. मग आतला भाग मऊ पडला आणि रंगाचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटून तरंगू लागले. आतून काथ्याचे पुंजके निघाले. मजबुतीसाठी तो भरतात हे ठाऊक होते, पण बादलीत तो ओल्या केसांसारखा दिसतो आणि क्षणभर दचकायला होते.

अनपेक्षित गोष्ट आज सकाळी दिसली. पाणी फिकट निळे झाले आहे. मूर्तीचे पितांबर लाल आणि उपरणे हिरवे होते, निळा रंग कोठेही नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार

निळ्या रंगाचा उलगडा झाला. मुकुट, दागिने आणि सोंड यांवरचा सोनेरी रंग हा बहुधा पितळेच्या पुडीचा असतो आणि पितळेत तांबे असते. अमोनिया आणि हवा यांच्या संयोगाने तांबे विरघळते व पाणी निळे होते. खात्रीसाठी मोडक्या निरांजनाचा पितळी दांडा याच पावडरीच्या द्रावणात अर्धा बुडवून ठेवला होता. दोन दिवसांत, जेथे धातू, पाणी आणि हवा एकत्र येतात त्या काठापाशी प्रथम निळसर वलय दिसले आणि मग सगळे पाणी निळे झाले.

तांबे हे काही अघोरी विष नव्हे. द्राक्षबागांवर मोरचूद फवारतातच. परंतु ते मातीत साठत जाते आणि गच्चीवरच्या कुंडीत तर वाहून जायलाही जागा नसते. शिवाय इतर रंगांत काय आहे हे डब्यावर लिहिलेले नसते. तेव्हा ‘उरलेले पाणी खत म्हणून झाडांना घाला’ ही सूचना आम्ही सरसकट पाळणार नाही. सोनेरी रंगाच्या मूर्ती वेगळ्या पिंपात जातील.

२६ ऑगस्ट, मंगळवार, हरतालिका

मूर्तींचे वजन करणे हे या प्रकल्पातील सर्वांत नाजूक काम ठरले. “देव तराजूत घालायचा का?” असा प्रश्न पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. मूर्ती हातात घेऊन माणसाने काट्यावर उभे राहायचे आणि माणसाचे वजन वजा करायचे, हा पर्याय करून पाहिला. परंतु न्हाणीघरातील काट्यावर अर्धा किलो इकडचा तिकडे होतो. अखेर आजींनीच तोडगा सुचवला: प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्तीच आहे, मग घरात नेण्याआधी, फाटकापाशीच तोला. त्यानुसार आज दुपारपासून फाटकापाशी स्वच्छ पाट ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा मांडला आहे. प्रत्येक मूर्तीवर अक्षता वाहून मगच तिची नोंद होते.

पीओपीच्या मूर्ती यंदाही २६ भरल्या. एकूण वजन ६१.४ किलो. पंचवीस किलोची तीन पोती पावडर आणली असून ती तळघरात न ठेवता पायऱ्यांखालच्या हवेशीर कोपऱ्यात, जमिनीपासून वर ठेवली आहे. उष्णतेने ही पावडर आपोआप अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते आणि पोते हलके होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाच्या पाच मूर्ती आल्या, वजन ११.२ किलो. दोनशे लिटरच्या पिंपात पाऊणशे लिटर पाणी आणि ११.२ किलो पावडर. उत्तरपूजा घरी उरकून मंडळी आरती म्हणत खाली आली, निर्माल्य वेगळ्या टोपलीत गेले.

मूर्ती आतून पोकळ असल्याने हवा कोंडून ती तरंगते. उलटी धरून हवा काढणे शक्य होते, पण ते कोणालाही पाहवले नसते. त्यामुळे प्रत्येक मूर्ती हलकेच आडवी केली, बुडबुडे निघून जाऊ दिले आणि मग ती तळाशी गेली. ढवळण्यासाठी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी तीन-तीन तासांच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. काठीला नारळाच्या काथ्याचा कुंचा बांधला आहे, म्हणजे पापुद्रा खरवडला जाईल.

३० ऑगस्ट, शनिवार

चूक माझी. वास येतो अशी तक्रार आली म्हणून काल रात्री अकरा वाजता पिंपावर कडीचे झाकण घट्ट बसवले. मध्यरात्रीनंतर मोठा आवाज झाला. झाकण कडीसकट उडून स्कूटरच्या सीटवर पडले होते आणि रखवालदाराची झोप उडाली होती. ११.२ किलो जिप्सममधून जवळजवळ २.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सुमारे १६०० लिटर वायू. पहिल्या दीड दिवसात त्यातला पुष्कळसा निघून गेला होता म्हणून स्कूटरवर निभावले. हा हिशेब मी १४ जुलैच्या नोंदीत ग्रॅममध्ये लिहिला होता. लिटरमध्ये लिहिला असता तर झाकणाला हात लावला नसता. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरातील पार्किंगमध्ये पिंप ठेवणेही धोक्याचे होते. सुदैवाने ते प्रथमपासून उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली आहे.

आता तोंडाला सुती पंचा बांधला आहे. त्यामुळे डासही जात नाहीत आणि अर्धवट विरघळलेली मूर्तीही दिसत नाही. दुसऱ्या कारणाचा विचार मी आधी केला नव्हता. खरे तर लोकांना वासापेक्षा ते दृश्य अधिक सलत होते.

२ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी पाचव्या दिवसाच्या चार मूर्ती (७.७ किलो) आणि आज गौरींबरोबर आठ (१७.९ किलो). एका घरातून आलेल्या बादलीत खाण्याचा सोडा घातलेला होता. मूर्ती त्यानेही भुगा होते, परंतु खताऐवजी सोडियम सल्फेट तयार होते आणि सोडियम जमिनीला मानवत नाही. ती बादली वेगळी ठेवली.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

शेवटच्या नऊ मूर्ती, २४.६ किलो, दोन पिंपांत. रात्री साडेनऊपर्यंत काम चालले. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सर्व पिंपे स्थिरावली आहेत. वरचे पाणी नळीने काढून घेतले, गाळ जुन्या सुती साड्यांतून गाळला, काथ्या आणि रंगाचे पापुद्रे हाताने वेचून वेगळ्या पिशवीत भरले. दोन दिवस कोणीही न ढवळलेल्या एका पिंपात मुठीएवढा न विरघळलेला गोळा सापडला. बाकी सर्व गाळ व्हिनेगरच्या परीक्षेला उतरला.

गाळ आणि पाणी एकत्र वाळू न देता लगेच वेगळे करण्यामागे कारण आहे. कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट ओलसर अवस्थेत सोबत राहिले की उलट प्रवास सुरू होतो: जिप्सम पुन्हा बनू लागतो आणि अमोनिया उडून जातो. हीच गोष्ट चुनखडीच्या काळ्या जमिनीतही घडते. म्हणून तेथे हे खत वर न फेकता चर काढून मातीआड करावे लागते.

चौथ्या मजल्यावरचे काका खत कारखान्यांत अभियंता होते. पिंपे पाहून ते म्हणाले, “बाई, हे तर सिंद्री झालं.” १९५१ साली उत्पादन सुरू झालेल्या सिंद्रीच्या सरकारी कारखान्यात अमोनियम सल्फेट याच मार्गाने, जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेटपासून बनवत असत. पत्र्याच्या शेडखाली उभे राहून त्यांनी मला तासभर तेथील गाळण्यांची रचना समजावून सांगितली. साड्यांऐवजी काय वापरता येईल, याची यादीही दिली.

२१ सप्टेंबर, रविवार

खताचा हिशेब करताना डोळे उघडले. ६१.४ किलो मूर्तींमधून सुमारे ४७ किलो अमोनियम सल्फेट तयार झाले आणि त्यात २१ टक्के नत्र धरले तर ते जवळजवळ १० किलो होते. आमची बाग जेमतेम दोन गुंठ्यांची. तिला वर्षाला दोन किलो नत्रही पुष्कळ झाले. ‘फुकट खत’ म्हणून सर्वच पाणी बागेत ओतले असते तर बाग जळाली असती. याउलट सुरू हंगामातील उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे आमचे सर्व नत्र चार गुंठे उसात सामावते. एका सभासदांच्या भावाचा दौंड तालुक्यात ऊस आहे. निळे नसलेले पाणी कॅनमध्ये भरून टेंपोने त्यांच्याकडे पाठवले. चर काढून, पाण्याच्या पाळीबरोबर द्यायचे असे ठरले.

वाळलेला पांढरा गाळ सुमारे ३८ किलो भरला. त्यात रंगाचे कण आहेत, म्हणून तो कोणत्याही घरगुती उपयोगाला न देता मागच्या पायवाटेच्या सुट्या फरशांखाली वाळूत मिसळून भरला.

५ ऑक्टोबर, रविवार

सूचना लावूनही एका घराने बाटलीभर पाणी नेले आणि पाचपट पातळ करून मोगऱ्याला घातले. पानांच्या कडा तपकिरी पडल्या आहेत. या पाण्यात जादा बायकार्बोनेटही असते व त्यातील अमोनिया कोवळ्या मुळांना सोसत नाही; कुंडीसाठी ते निदान वीसपट पातळ करायला हवे, आणि तेही महिन्यातून एकदा. कुंडीतून भरपूर स्वच्छ पाणी सोडून दिले आहे. मोगरा तग धरेल असे वाटते.

निळे पिंप एकच उरले आहे. त्यातील क्रिया संपल्याने आता झाकण लावण्यास हरकत नाही. एका महाविद्यालयातील प्रयोगशाळेकडे तांब्याच्या मोजणीसाठी नमुना दिला आहे. आकडा येईपर्यंत ते हलवायचे नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

जुलैतील रंगविरहित भुकटीची रांगोळी करून पाहिली. पांढरेपणा उत्तम, पण कण इतके बारीक की चिमटीतून धार सुटतच नाही; भुकटी पिठासारखी भसकन पडते आणि वाऱ्यावर उडते. बाजारच्या रांगोळीत निम्मी मिसळल्यावर ठिपके जमले, रेषा मात्र जाडच आली. लक्ष्मीपूजनाला दारात तीच काढणार आहे. बरणी संपली की हा प्रयोग बंद.

दुपारी मूर्तिकारदादांकडे गेले होते. सोनेरी रंग टाळता येईल का, असे विचारल्यावर त्यांनी हसून मान हलवली. “सोनेरीशिवाय गिऱ्हाईक मूर्तीसमोर उभं राहत नाही, बाई.” मग फळीवरून दोन डब्या काढल्या: एक नेहमीची पितळी पूड, दुसरी अभ्रकाची, थोडी महाग आणि चमकेला किंचित कमी. दोन्हींतून चिमूटभर मागून आणली. सायंकाळी सहा वाजता दोन बाटल्यांत समान द्रावण घालून त्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पितळेची बाटली निळी झाली. अभ्रकाची तशीच पांढरट आहे, तळाशी सोनेरी चमक शाबूत. दोन्ही बाटल्यांचा फोटो मूर्तिकारदादांना पाठवला. पुढील वर्षी सोसायटीच्या ज्या मूर्ती पीओपीच्याच असतील, त्यांच्यासाठी अभ्रकाच्या डब्या किती लागतील आणि जादा खर्च कोणी सोसायचा, हे पाडव्यानंतर बसून ठरवू, असे त्यांचे उत्तर आले आहे.